कोपराचे पंधरा अंश : मुरलीचा हात आणि मोजमापाची गोष्ट

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. माझा विषय आहे चालताना गुडघ्यात होणारा कोनाचा बदल. एम.एस्सी. फिजिक्समधून आलेलो, त्यामुळे कोन मोजणं म्हणजे काय मोठंसं, असा एक माज होता. ट्रायपॉडवर एक कॅमेरा लावला, माणसांना त्याच्यासमोरून चालवलं, प्रत्येक फ्रेमवर तीन ठिपके ठेवले आणि कोन काढला. सहा महिने हेच. मग प्रगती अहवालाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका सरांनी आलेख बघून एकच प्रश्न विचारला, "हा कोन गुडघ्याचा आहे की गुडघ्याच्या सावलीचा?"

मला प्रश्नच कळला नाही. सर हसले आणि म्हणाले, "क्रिकेट बघता ना? मग मुरलीधरनचं प्रकरण नीट वाचा. तुमचं उत्तर तिथे आहे."

वाचलं. माझा सहा महिन्यांचा निम्मा डेटा बाद झाला, पण संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये जे पाठ केलं होतं ते पहिल्यांदा समजलं. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता नेट-सेट किंवा पेटची तयारी करताय. 'क्रियात्मक व्याख्या', 'वैधता', 'विश्वसनीयता' हे शब्द तुम्ही घोकत असाल. आज हे सगळे शब्द एका माणसाच्या कोपरात कसे भेटतात ते सांगतो.

आधी नियम : बोलिंग म्हणजे काय?

क्रिकेटमध्ये चेंडू 'टाकायचा' असतो, 'फेकायचा' नसतो. गल्लीत आपण "ए, फेकतोय रे हा" म्हणून भांडतो तोच मुद्दा. पण टाकणं आणि फेकणं यातली रेषा कुठे?

क्रिकेट सुरू झालं तेव्हा चेंडू कमरेखालून टाकत. १८३५ मध्ये हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेण्याची परवानगी मिळाली. गोलंदाज मात्र हळूहळू आणखी वर जात राहिले. २६ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर एडगर विलशर या गोलंदाजाला पंच जॉन लिलीव्हाइट यांनी हात खांद्याच्या वर जातोय म्हणून सलग सहा वेळा नोबॉल दिला. विलशर आणि त्याचे बहुतेक सहकारी चिडून मैदानाबाहेर निघून गेले. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, डोक्यावरून हात फिरवून टाकणं कायदेशीर झालं. आज आपण ज्याला 'बोलिंग' म्हणतो ते तेव्हा नियमबाह्य होतं, हे लक्षात ठेवा. पुढे हाच प्रसंग जवळजवळ तसाच पुन्हा येणार आहे.

हात वर न्यायला परवानगी मिळाली, पण 'फेकणं' निषिद्धच राहिलं. गंमत म्हणजे कितीतरी दशकं नियमात फेकणं म्हणजे नेमकं काय याची व्याख्याच नव्हती. पंचाला वाटलं की फेकला, म्हणजे फेकला. विसाव्या शतकात व्याख्या आली. तिचा मथितार्थ असा : हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर पूर्ण किंवा अंशतः सरळ होता कामा नये.

इथे थांबून नीट वाचा. नियम 'वाकलेल्या' कोपराबद्दल काही म्हणत नाही, कोपर 'सरळ होण्या'बद्दल म्हणतो. कोपर वाकलेलं असेल आणि शेवटपर्यंत तेवढंच वाकलेलं राहिलं, तर चेंडू वैध. म्हणजे बघायची गोष्ट कोन नाही, कोनातला बदल आहे. भौतिकशास्त्राच्या भाषेत स्थिती नाही, स्थितीतला फरक. प्रेक्षक, समालोचक आणि पंचसुद्धा हा फरक सहज विसरतात.

व्याख्या आली तरी ती तपासायचं साधन एकच होतं, पंचाचे डोळे. डिसेंबर १९६३ मध्ये ब्रिस्बेनला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज इयन मेकिफ याला पंच कॉल एगर यांनी एकाच षटकात चार वेळा नोबॉल दिला. कर्णधार रिची बेनॉ यांनी त्याला पुन्हा चेंडू दिला नाही. त्या सामन्यानंतर मेकिफ निवृत्त झाला. अपील नाही, चाचणी नाही. एका षटकात, एका माणसाच्या नजरेवर एक कारकीर्द संपली.

कँडीचा ऑफस्पिनर

मुथय्या मुरलीधरनचा जन्म १९७२ चा, श्रीलंकेतल्या कँडीचा. वडिलांचा बिस्किटांचा कारखाना होता. शाळेत तो आधी मध्यमगती टाकायचा, प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून फिरकीकडे वळला. ऑगस्ट १९९२ मध्ये कोलंबोत ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी पदार्पण.

त्याची फिरकी वेगळी का, हे आधी समजून घेऊ. साधारण ऑफस्पिनर चेंडूला फिरक देतो ती मुख्यतः बोटांनी, तर्जनीने चेंडूच्या शिवणीवर ओढ देऊन. लेगस्पिनर मनगट वापरतो, म्हणून त्याचा चेंडू जास्त वळतो. मुरलीने हे दोन्ही एकत्र केलं. दिशा ऑफस्पिनची, पण फिरक मनगटाची. त्याचं मनगट विलक्षण लवचीक, खांदा प्रचंड वेगाने फिरणारा. आणि तिसरी गोष्ट, त्याचं उजवं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. हात लांब सोडून उभा राहिला तरी कोपरात बाक राहतो.

आता अशा हाताने गोलंदाजी करताना लांबून काय दिसेल? वाकलेला हात वर येतो, चेंडू सुटेपर्यंत तो सरळ झाल्यासारखा दिसतो. आणि मनगटाचा फटकारा इतका जोरात बसतो की कोपरानेच झटका दिला असं वाटतं.

२६ डिसेंबर १९९५. मेलबर्न, बॉक्सिंग डेची कसोटी, पन्नास हजारांहून जास्त प्रेक्षक. पंच डॅरेल हेअर यांनी मुरलीला तीन षटकांत मिळून सात वेळा फेकीसाठी नोबॉल दिला. गोलंदाजाच्या टोकाकडून दिला, हे विशेष. कारण कोपराकडे बघायची नेहमीची जागा स्क्वेअर लेगच्या पंचाची. कर्णधार अर्जुना रणतुंगाने मुरलीचं टोक बदललं. दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडचे पंच स्टीव्ह डन होते. त्यांच्या बाजूने तो टाकत राहिला, एकही नोबॉल पडला नाही.

संशोधकाच्या नजरेने बघा. तोच गोलंदाज, तोच दिवस, तीच कृती. दोन निरीक्षक, दोन उत्तरं. पेपरमध्ये याला 'निरीक्षकांमधील विश्वसनीयता' म्हणतात. ती इथे नव्हती.

दहा दिवसांनी, ५ जानेवारी १९९६ रोजी ब्रिस्बेनला वेस्ट इंडिजविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात पंच रॉस इमर्सन यांनी पुन्हा तेच केलं. त्यातले काही नोबॉल तर मुरलीने लेगब्रेक टाकला त्यावर पडले. लेगब्रेकमध्ये हाताची हालचाल अगदी वेगळी असते. म्हणजे पंच चेंडू बघत होते की आधीच ठरवलेला गोलंदाज, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

पहिलं मोजमाप आणि तारेचा प्रयोग

१९९६ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात आणि हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात मुरलीच्या हाताचं विश्लेषण झालं. निष्कर्ष : तो फेकत नाही, फेकल्याचा दृष्टिभ्रम होतो. आयसीसीने त्याला मोकळीक दिली.

'दृष्टिभ्रम' म्हटलं की लोकांना वाटतं शास्त्रज्ञांनी पळवाट काढली. तर हे घरी करून बघा. कपडे वाळत घालायचा तारेचा हँगर घ्या, त्यातला एक तुकडा कापून मधोमध साधारण ३० अंशांत वाकवा. हा झाला मुरलीचा हात. तार घट्ट आहे, कोपर हलू शकत नाही. आता खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च लांबून मारा आणि भिंतीवर सावली बघा. तारेचा 'दंडाचा' भाग स्थिर धरून तार स्वतःभोवती हळूच फिरवा. सावलीतला कोन कमी कमी होत जाईल, एका क्षणी सावली अगदी सरळ रेघ होईल. तार मात्र तेवढीच वाकलेली.

ज्यांना समीकरण आवडतं त्यांच्यासाठी : सावलीतल्या बाकाचा टॅन = खऱ्या बाकाचा टॅन × फिरवलेल्या कोनाचा कोसाइन. खरा बाक ३० अंश, तार ६० अंश फिरवली, तर ०.५७७ गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ०.२८९. कोन आला साधारण १६ अंश. कोपर शून्य अंश हललं, पण बघणाऱ्याला ते १४ अंशांनी सरळ झालेलं दिसलं!

गोलंदाजी करताना खांद्यातून दंड असाच स्वतःभोवती फिरतो. पंचाचा डोळा काय किंवा टीव्हीचा एकच कॅमेरा काय, दोघांनाही त्रिमिती हाताची द्विमिती सावलीच दिसते. आणि वेळही नाही. हात खांद्याच्या पातळीवरून चेंडू सुटेपर्यंतचा प्रवास साधारण एक दशांश सेकंदाचा. सेकंदाला २५ चित्रं दाखवणाऱ्या टीव्हीवर त्याची दोन-तीन चित्रं मिळतात. दोन चित्रांवर रेघा मारून देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी त्याचा निकाल लावला होता.

माझ्या सहा महिन्यांच्या डेटाचं काय झालं ते आता कळलं असेल. ज्यांची पावलं चालताना बाहेर वळतात त्यांच्या गुडघ्याची मी सावली मोजत होतो. साधनाने उत्तर दिलं होतं, दशांश चिन्हासकट दिलं होतं, फक्त ते माझ्या प्रश्नाचं नव्हतं. वैधता म्हणतात ती हीच.

अॅडलेड, १९९९

विज्ञानाने सांगितलं म्हणून वाद मिटला का? नाही. २३ जानेवारी १९९९, अॅडलेड, इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामना. इमर्सन यांनी पुन्हा नोबॉल दिला, या वेळी स्क्वेअर लेगवरून. रणतुंगा बोट उगारून वाद घालतोय ते दृश्य अजून लोकांच्या लक्षात आहे. तो संघाला घेऊन सीमारेषेपर्यंत गेला, खेळ बराच वेळ थांबला. विलशरचा ओव्हल आठवा, मध्ये १३७ वर्षं गेली होती. शेवटी सामना झाला आणि ३०२ धावांचा पाठलाग करत श्रीलंकेने तो एक गडी राखून जिंकला. मुरलीला पुन्हा चाचण्यांना सामोरं जावं लागलं, पुन्हा मोकळीक मिळाली.

'दुसरा' येतो आणि प्रश्न अवघड होतो

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे : डोळे चुकले, विज्ञान बरोबर. बऱ्याच लेखांमध्ये ती इथेच संपते. पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

ऑफस्पिनरचा चेंडू उजव्या फलंदाजासाठी बाहेरून आत येतो. तीच कृती वाटावी आणि चेंडू उलट्या दिशेने वळावा, अशी युक्ती लेगस्पिनरांकडे गुगलीच्या रूपाने होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या बोझँकेटने ती प्रचारात आणली. ऑफस्पिनरांकडे तसं हत्यार नव्हतं. नव्वदच्या दशकात पाकिस्तानच्या सकलेन मुश्ताकने ते आणलं. यष्टीमागून मोईन खान त्याला "दूसरा" टाकायला सांगायचा, तेच नाव पडलं. मराठी माणसाला या नावाचं भाषांतर करावं लागत नाही.

हा चेंडू टाकायला अवघड का? सुटताना हाताची मागची बाजू फलंदाजाकडे यावी लागते. कोपर ताठ ठेवून हे करायचं तर खांदा आणि मनगट दोन्ही टोकापर्यंत फिरवावे लागतात. स्वतःचा हात वर करून बघा, खांद्यात ताण येईल. कोपर थोडं वाकवलं की काम सोपं होतं. आणि वेगाने फिरणाऱ्या हातात वाकवलेलं कोपर सुटताना सरळ व्हायला बघतं. म्हणजे 'दुसरा'च्या यांत्रिकीतच नियम मोडण्याचा मोह आहे.

मुरलीनेही दुसरा आत्मसात केला. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मायदेशातल्या मालिकेत सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी त्याच्या दुसऱ्याबद्दल तक्रार नोंदवली. पुन्हा पर्थ, पुन्हा वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ. प्रा. ब्रूस एलियट यांच्या गटाने त्वचेवर परावर्तक खुणा लावून, अनेक वेगवान कॅमेऱ्यांनी त्रिमितीत मोजलं. इथे सावलीचा प्रश्न नव्हता. उत्तर आलं : दुसरा टाकताना कोपर सुमारे १४ अंशांनी सरळ होतं. कृतीत सुधारणा केल्यावर १०.२.

(वर तारेच्या उदाहरणातही १४ आले, तो निव्वळ योगायोग. तिथला १४ आभासी, इथला खरा. दोन्ही एक समजू नका.)

तेव्हाची आयसीसीची मर्यादा अशी होती : वेगवान गोलंदाज १० अंश, मध्यमगती ७.५, फिरकी ५. म्हणजे सुधारूनही मुरलीचा दुसरा दुपटीने बाहेर. त्याला आंतरराष्ट्रीय सामन्यांत दुसरा टाकायला मनाई झाली. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी तर जाहीरपणे त्याला फेकी ठरवलं आणि दाखला दिला पर्थच्या चाचणीचा. चाचणी एका प्रकारच्या चेंडूची, निवाडा सगळ्या कारकिर्दीचा. आपला निष्कर्ष बाहेर गेल्यावर त्याचं काय होतं याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचित मिळेल. त्यानंतरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर मुरली गेला नाही. त्याच वर्षी इंग्लंडच्या एका वाहिनीसाठी त्याने कोपर हलूच नये असा कडक पट्टा हातावर बांधून गोलंदाजी करून दाखवली. प्रात्यक्षिक प्रभावी होतं. पण पट्टा बांधून एखादा चेंडू टाकता येतो, याचा अर्थ पट्टा नसताना तो तसाच टाकला जातो असा होत नाही. टाळ्या आणि पुरावा यात फरक करायला शिका, आपल्या बाजूचा असला तरी.

मग बाकीच्यांना मोजलं

पर्थच्या गटाने एक साधा प्रश्न पुढे ठेवला. हे ५ अंश आले कुठून? फिरकीला ५ आणि वेगवानाला १० का? त्यामागे मोजलेल्या गोलंदाजांचा पुरेसा आधार नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर लोकसंख्येचं वितरण माहीत नसताना 'असामान्य' कोण ते ठरवलं होतं.

सप्टेंबर २००४ मध्ये इंग्लंडमध्ये चॅम्पियन्स करंडक झाला. तिथे वेगवान कॅमेऱ्यांनी गोलंदाजांचं सामन्यातच चित्रण झालं. त्यातून जे बाहेर आलं त्याने सगळेच हादरले. जवळजवळ प्रत्येक गोलंदाजाचं कोपर थोडंफार सरळ होत होतं. ज्यांची शैली पाठ्यपुस्तकात छापावी इतकी स्वच्छ मानली जायची, त्यांच्यातही ११-१२ अंश सापडत होते. नियमाचा शब्दशः अर्थ लावला तर क्रिकेटमध्ये गोलंदाजच उरला नसता.

आयसीसीने नेमलेल्या समितीत अरविंद डिसिल्वा, अँगस फ्रेझर, मायकेल होल्डिंग, टोनी लुईस आणि टिम मे होते. समोर एलियट, पॉल हरियन आणि मार्क पोर्टस या जैवयांत्रिकी तज्ज्ञांचा पुरावा. होल्डिंग आधी मुरलीचे टीकाकार होते. पुरावा बघून त्यांनी टीका मागे घेतली. इतक्या मोठ्या खेळाडूने जाहीरपणे मत बदलणं मला या सगळ्या प्रकरणात फार मोलाचं वाटतं. आपल्या क्षेत्रात तरी असं कितीदा दिसतं?

१ मार्च २००५ पासून नवा नियम आला : सगळ्या गोलंदाजांना एकच मर्यादा, १५ अंश. आधार असा दिला गेला की साधारण त्यापुढे गेलं की बदल नुसत्या डोळ्यांना दिसू लागतो. कोपर जन्मतः उलट्या बाजूला झुकत असेल, तर ती हालचाल यात धरत नाहीत. शोएब अख्तरच्या बाबतीत हाच मुद्दा आला होता. डिसेंबर २००४ मध्ये तक्रार झालेल्या हरभजनच्या दुसऱ्यालाही पुढे याच मर्यादेखाली मोकळीक मिळाली. मुरलीची फेब्रुवारी २००६ मध्ये पुन्हा चाचणी झाली, दुसऱ्यासकट सगळे चेंडू मर्यादेच्या आत निघाले.

आक्षेप, आणि तो गंभीर आहे

"मुरली १४, म्हणून नियम १५." हा टोमणा तुम्ही ऐकला असेल. मी तो हसण्यावारी नेत नाही. डेटा बघून झाल्यावर मर्यादा ठरवणं ही पद्धत म्हणून धोकादायकच. मी माझ्या प्रबंधात निकाल पाहून मग कसोटीचा उंबरठा हलवला, तर मॅडम मला दारात उभं करणार नाहीत.

माझं मत सांगतो. जुनी मर्यादा चुकीची होती हे मुरलीच्या एकट्याच्या आकड्याने सिद्ध झालं नाही, ते बाकी सगळ्यांना मोजल्यावर झालं. म्हणून ती बदलणं बरोबर होतं. पण बदलून १५च का, १३ किंवा १७ का नाही, याचं उत्तर मोजमापातून पूर्णपणे येत नाही. निसर्गात १५ अंशांवर कोणतीही रेषा मारलेली नाही. मोजमाप सांगतं लोक कुठे आहेत. रेषा कुठे मारायची हे माणसं ठरवतात. पाच टक्क्यांची सार्थकता पातळी तरी कुठून आली आहे? तीही कुणीतरी मारलेली रेषाच. तिला देववाणी समजू नका आणि ती मनमानी आहे म्हणून फेकूनही देऊ नका.

आणखी एक खाच आहे. प्रयोगशाळेत अंगावर खुणा चिकटवून, समोर फलंदाज नसताना टाकलेला चेंडू आणि सामन्यात विकेट हवी असताना टाकलेला चेंडू एकच असतात का? गोलंदाजाला माहीत असतं की त्याला मोजलं जातंय. चाचणीत स्वच्छ आणि सामन्यात नाही, हे शक्य आहे. त्यात त्वचा हाडावरून सरकते, चेंडू नेमका कोणत्या क्षणी सुटला हे ठरवण्यात फरक पडतो, आणि काही अंश इकडेतिकडे होतात. १५ अंशांच्या मर्यादेत काही अंशांची अनिश्चितता ही छोटी गोष्ट नाही.

हाच वाद २०१४ मध्ये पेटला. ज्या विद्यापीठात हे सगळं मोजमाप उभं राहिलं, त्याच वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाने आयसीसीबरोबरचं काम थांबवलं. आयसीसीच्या नव्या चाचणी पद्धतीचं आणि तिच्या पारदर्शकतेचं त्यांना पटलं नव्हतं. त्याच वर्षी इतर केंद्रांमध्ये चाचण्यांचा धडाका लागला. चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठातही केंद्र आलं. सप्टेंबरमध्ये पाकिस्तानचा सईद अजमल निलंबित झाला. तेव्हा तो जगातल्या अव्वल फिरकीपटूंमध्ये होता. कृती बदलून परतला, पण पहिल्यासारखा अजमल पुन्हा दिसला नाही. सुनील नारायणलाही कृती बदलावी लागली, २०१५चा विश्वचषक त्याने सोडला. ऑस्ट्रेलियातल्या फिरकी प्रशिक्षकांनी तर २००९ मध्येच ठरवलं होतं की नव्या मुलांना दुसरा शिकवायचा नाही. आज दुसरा क्वचितच दिसतो.

म्हणजे त्याच मोजमापाने एकाची कारकीर्द वाचवली आणि दुसऱ्याची जवळजवळ संपवली. मेकिफपेक्षा अजमलला जास्त न्याय मिळाला का? मला वाटतं, हो. त्याला आकडा दाखवला गेला, सुधारायची आणि पुन्हा तपासून घ्यायची संधी मिळाली. पण तो आकडा कसा काढला हे सगळ्यांना तपासता आलं पाहिजे, ही पर्थच्या संशोधकांची मागणीही तितकीच बरोबर होती.

आपल्यासाठी काय?

मुरली जुलै २०१० मध्ये गॉलला भारताविरुद्ध शेवटची कसोटी खेळला. शेवटच्या चेंडूवर प्रग्यान ओझाला बाद करून त्याने ८०० बळी पूर्ण केले. १३३ कसोटी, ८०० बळी. त्याच्याबद्दलचा वाद काही जणांच्या मनात आजही आहे. तो तुम्ही तुमच्या परीने सोडवा. मी फक्त माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले प्रश्न देतो. आराखडा लिहिताना स्वतःला विचारा :

१. मी जे मोजतोय त्याची व्याख्या काय? बाक की बाकातला बदल?

२. माझं साधन ती गोष्टच मोजतंय की तिची सावली?

३. दुसऱ्या माणसाने मोजलं तर तेच उत्तर येईल का?

४. 'असामान्य' म्हणण्याआधी मी सामान्यांना मोजलंय का?

५. माझी रेषा मी कधी मारली? डेटाच्या आधी की नंतर? नंतर मारली असेल तर तसं लिहिलंय का?

६. प्रयोगशाळेतलं वागणं आणि बाहेरचं वागणं यात किती अंतर असेल?

मौखिक परीक्षेत 'वैधता म्हणजे काय' असं विचारलं तर पुस्तकातली व्याख्या सांगा, मार्क त्यालाच आहेत. पण पुढे "उदाहरण द्या" म्हटलं की तारेच्या तुकड्याची गोष्ट सांगून बघा. पॅनेलवर क्रिकेट न बघणारं कुणी असण्याची शक्यता आपल्याकडे तशी कमीच!

माझ्यापुरतं सांगायचं तर आता प्रयोगशाळेत चार कॅमेरे आहेत. दोन आमचे, दोन शेजारच्या विभागाकडून मागून आणलेले. डेटा पुन्हा पहिल्यापासून गोळा केला. प्रबंधात एक परिशिष्ट आहे, ज्यात त्या बाद झालेल्या सहा महिन्यांचा हिशेब दिला आहे. मॅडम म्हणाल्या, काढून टाकला तरी चालेल. मी ठेवला आहे.

पुढच्या लेखात नमुना निवडीबद्दल लिहीन. तोवर हँगरचा प्रयोग करून बघा, आणि तुमच्या सावलीत काय दिसलं ते नक्की कळवा.